घंटा थांबेपर्यंत

मतदानाची घंटा खणखणायला लागली, तरी आमदार जिन्याच्या पायरीवर बसून दादाच्या पाठीवरून हात फिरवत होते. घंटा थांबली की सभागृहाची दारं बंद. मग मंत्री आला तरी आत सोडत नाहीत.

आज सिमेंट कारखान्यांचं विधेयक होतं. धूळ ओढून घेणारे पंखे बसवायची मालकांवरची सक्ती उठणार होती. पक्षाचा हुकूम सरळ होता: विधेयकाच्या बाजूनं हात वर करा, नाहीतर पुढचं तिकीट विसरा. आणि आमदारांना निवडून दिलं होतं त्याच धुळीत खोकणाऱ्या कामगारांनी. "पंखे जाऊ देणार नाही," असा शब्द त्यांना दिला होता. इकडे आड, तिकडे विहीर! घरचं माणूस आजारी पडलं, तर मात्र गैरहजेरी पक्षालाही चालायची.

दादा त्याच कारखान्यात पोती भरून भरून अकाली म्हातारा झालेला. त्याच्याच पगारावर धाकटा शिकला, भाषणं ठोकायला लागला. आज धाकट्याचा विरोधात वर झालेला हात बघायला म्हणून तो हौसेनं प्रेक्षकांच्या गॅलरीकडे निघाला आणि अर्ध्या जिन्यात धापा टाकत खाली बसला.

"जा रे, घंटा वाजतेय," दादा म्हणाला. "मला आता बरं वाटतंय."

"गप बस. आधी पाणी पी."

"अरे, प्यायलो की! जा तू."

"तुला असं टाकून जाऊ होय?"

दादानं एकदा त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग बाटली घेतली आणि तहान नसताना घोट घोट पाणी पीत राहिला. घंटा थांबली. दारं लागली.

विधेयक मंजूर झालं. गॅलरीतले कामगार तणतणतच खाली आले.

"कुठं तोंड लपवून बसला होतात, साहेब?"

दादाच कठडा धरून उठला.

"त्याला कशाला बोलता? माझा जीव घाबरा झाला, म्हणून अडकला बिचारा. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

एवढं बोलताना त्याला दोनदा थांबावं लागलं. कामगार ओशाळले. "भाऊ असावा तर असा," म्हणत एकानं आमदारांचे हात हातात घेतले.

ते गेले आणि आमदारांना रडू आवरेना. "दादा, मी..."

"असू दे रे," दादा म्हणाला. "ही छाती जन्मभर मालकाच्या कामी आली. आज निदान घरच्या माणसाच्या तरी आली."