तीन डिग्री

पारा चौऱ्याहत्तरवर चढला आणि तिथेच बसला. नागोजी त्याच्याकडे बघतही नव्हता. सव्वीस वर्षं पारा तिथेच बसत आला होता. नागोजीचं लक्ष घड्याळाकडे होतं. सव्वाचार. पाच वाजता खुलासा द्यायचा होता आणि कागदावर अजून ‘मा. व्यवस्थापक साहेब यांस’ एवढंच उतरलं होतं. सव्वापाचला कंपनीची बस सुटायची, तीही कुणासाठी थांबायची नाही.

“हा नवीन थर्मामीटर,” संयोगिता म्हणाली. “सील तुमच्यासमोर फोडलं. तरी चौऱ्याहत्तर. मग तुमच्या रजिस्टरमध्ये दर वेळी सत्त्याहत्तर कुठून येतं?”

“तीन वाढवतो, मॅडम.”

“का?”

“वाढवायचे असतात.”

बेंगळूरच्या सर्जापूर रोडच्या पलीकडच्या त्या दुमजली शेडमध्ये रंगवाल्यांसाठी रंग पातळ करायच्या इथाइल ॲसिटेटची पिंपं भरली जात. प्रत्येक लॉटमधलं थोडं काचेच्या चंबूत घ्यायचं, उकळायचं, कितीला उकळलं ते लिहायचं आणि पिंपं सोडायची. सत्त्याहत्तरला उकळलं तर माल शुद्ध, त्याआधी उकळलं तर भेसळ, असं मुंबईहून आलेल्या छापील तक्त्यात होतं. संयोगिताही मुंबईहूनच आली होती, पाच आठवड्यांपूर्वी, माल तपासायला. आल्या आल्या तिने अकरा पिंपं अडवली, नागोजीची जुनी रजिस्टरं काढून चाळली आणि सोमवारी वरती, म्हणजे मुंबईला, कळवून टाकलं की इथल्या सव्वीस वर्षांच्या नोंदी खोट्या आहेत. रिटायर व्हायला तीन महिने उरले की माणूस हाराची वाट बघतो. नागोजीच्या हातात मेमो पडला. खुलासा पटला नाही तर बडतर्फी, असं शेवटच्या ओळीत होतं. बाकीच्या ओळी त्याने वाचल्या नव्हत्या.

“तुम्हाला हे शिकवलं कुणी?”

“माझ्या आधी इथे होते, त्या विश्वासरावांनी. पहिल्याच दिवशी. म्हणाले, बघायचं ते बघ, लिहिताना तीन वाढव.”

“आणि तुम्ही ‘का’ म्हणून विचारलं नाही?”

“विचारलं की. म्हणाले, मीही विचारलं होतं.”

संयोगिताने चष्मा काढून डोळे चोळले. तीही दमली होती. मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये पातेल्यातला भात रोज कच्चा राहतो, म्हणून दोनदा तांदूळ बदलून झाले, हे डबा खाताना सगळ्यांना सांगून झालं होतं. आता ती सांगायचीही थांबली होती.

“एवढा संशय आहे तर पाणीच लावून बघा की,” नागोजी म्हणाला. त्यात थोडा टोमणा होता, पण बराचसा कंटाळा. “डिस्टिल्ड आहे. त्यात कोण कशाला भेसळ करतंय?”

“लावा.”

नागोजीने दुसरा चंबू घेतला, पाणी ओतलं, उकळताना उसळू नये म्हणून आत चिनीमातीचे दोन तुकडे टाकले आणि हीटरचं बटण दाबलं. “स्वल्प थांबा,” म्हणून स्टुलावर बसला. दोघं थांबली. तळाशी बुडबुडे धरले, मग सुटायला लागले, मग पाणी खदखदा उकळलं.

सत्त्याण्णव.

संयोगिताने वाकून बघितलं. डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून पुन्हा बघितलं.

“नागोजीअण्णा, हे शंभर पाहिजे.”

“इथे कधी झालं नाही, अक्का.”

मॅडमची अक्का झाली, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. ती खिडकीबाहेरच्या टॉवरांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आपण किती उंचावर आहोत?”

“पहिल्या मजल्यावर.”

ती हसली नाही. स्टूल ओढून बसली.

“अकरावीत होतं हे मला,” ती म्हणाली. “बेंगळूर समुद्रापेक्षा नऊशे मीटर वर आहे. जितकं वर जावं तितका हवेचा दाब कमी, आणि दाब कमी तितकं सगळं कमी तापमानाला उकळतं. तक्ता आहे समुद्रकाठचा.” उकळत्या पाण्याकडे बघत ती म्हणाली, “आणि माझा भात.”

भाताचं नागोजीला कळलं नाही. बाकीचं थोडं कळलं.

“म्हणजे माझं बरोबर होतं?”

“बरोबर होतं. पण तीन वाढवले आणि का वाढवले, हे लिहायचं तरी.”

“कुठे लिहू?” नागोजीने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तारीख, लॉट, तापमान, सही. चार रकाने, तेही मुंबईहून छापून आलेले.

तिने रकाने बघितले आणि रजिस्टर तसंच राहू दिलं. नागोजीचा अर्धवट कागद पुढे ओढला, ‘मा. व्यवस्थापक साहेब यांस’च्या खाली लिहायला लागली. नागोजीला समोरून उलटं वाचता आलं. पहिल्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं.

“तो माझा खुलासा आहे ना, मॅडम?”

“तुमच्या आधी माझा लागेल.”

त्याने हीटर बंद केला. पाण्याची खदखद थांबली. पाचला दहा कमी होते आणि ती अजून लिहीतच होती.

“एवढं काय लिहिताय?”

“समुद्र आपल्यापासून किती खाली आहे, ते.”

नागोजी थर्मामीटर पुसून डब्यात ठेवत होता. ठेवता ठेवता थांबला.

“मी तर समुद्र अजून बघितलाच नाही,” तो म्हणाला. मग रजिस्टर ओढून त्याने आजच्या तारखेसमोर सत्त्याहत्तर लिहिलं.