भैरवीच्या डोक्याचा मार

कबड्डीच्या सामन्यात भैरवीचं डोकं जमिनीवर आपटलं. तीन दिवस तिला गरगरत होतं, पण सीमालढ्यात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेले तिचे आजोबा म्हणायचे, "एवढ्याशानं कोण दवाखान्यात जातंय व्हय गं?" शेवटी आईनंच दोघांना डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कुठला? महिना कुठला? आपण कुठल्या राज्यात आहोत?"

भैरवीला रविवारची फायनल खेळायची होती. तिनं धडाधड सांगितलं, "गुरुवार. डिसेंबर. कर्नाटक."

"सगळं बरोबर," म्हणत डॉक्टरांनी पेन उघडलं.

आजोबा ताडकन उठले. "थांबा डॉक्टर, आधी स्कॅन काढा. पोरीच्या डोक्याला लई मार बसलाय."