चौकशीचा फोन

"सांगून कुणाला खरं वाटायचं नाही, नीलाबाई," गुंडू म्हणाला, "पण मला स्थळ आलंय. या वयात!"

नीलाने कोलंबीचं शेपूट बशीच्या कडेला ठेवलं. बशी तळहाताएवढी, कोलंब्या मोजून तीन. "कुठलं?"

हॉटेलच्या गच्चीवरचा हा झकपक बार गुंडूने मुद्दाम निवडला होता. खाली आखातातल्या त्या शहराच्या, उम्म अल हस्सम भागातल्या इमारतींवरून ऊन उतरत होतं. अकरा वर्षं तो ईसा टाउनच्या शाळेची बस चालवत होता, आणि त्याच बसवर नीला पोरांना चढवत-उतरवत होती. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, नीलाही एकटीच. जूनमध्ये ती कायमची देवगडला निघणार होती. जाऊ नका, माझ्याशी लग्न करा, एवढंच म्हणायला त्याने तिला इथं आणलं होतं. पण सरळ बोलणं त्याच्या जिभेला जन्मात जमलेलं नव्हतं. मुहर्रकच्या विमानतळाजवळ एकदा पायलटने विमानाची काच खाली करून आपल्याला रस्ता विचारला, असं तो पोरांना शपथेवर सांगायचा.

"मालवणचं," त्याने बिअरचा घोट घेतला. जरा झोंबलं तिला तर बरंच. "बाईच्या दोन होड्या आहेत."

"बरं."

"तीन. शिवाय हापूसची चारशे कलमं. भाताची गिरण. आणि गळा असा, की भजनाला बसली तर मासे आपणहून किनाऱ्याला लागतात."

"मग होड्या कशाला हव्यात?"

गुंडूला ठसका लागला. नीलाने शांतपणे दुसरी कोलंबी उचलली. झोंबल्याची काही खूण दिसेना. आता थाप मागे घ्यावी तर लाज, आणि पुढे रेटावी तर ही बाई अभिनंदन म्हणून मोकळी व्हायची. जून तर दोन महिन्यांवर आलेला.

"त्यांना घाई आहे," तो चाचरला. "हो म्हणू का? तुम्हीच सांगा."

नीलाने लिंबू-पुदिन्याचा ग्लास खाली ठेवला. हात पुसले.

"खोटं बोलताय तुम्ही. स्थळबिळ काही आलेलं नाही."

"कशावरून?"

"आपल्याकडे चौकशी केल्याशिवाय कुणी स्थळ आणतं होय? पितो किती, तापट आहे का, झोपेत घोरतो का, सगळं विचारतात. निदान घरच्यांना तरी फोन जातोच." ती पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "गेल्या आठवड्यात मी कणकवलीला तुमच्या वहिनींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, बाई गं, आमच्या गुंडूची चौकशी आजवर तुझ्याशिवाय कुणीच केली नाही."