गार लागतंय का?

"गार लागलं की हात वर करायचा," दातांची डॉक्टर म्हणाली. "बोलू नका, नुसता हात."

आचाऱ्याने मान हलवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

तो ज्यावर स्वयंपाकाला जाणार होता ते जहाज संध्याकाळी सुटणार होतं. चढण्याआधीच्या तपासणीत रक्त, डोळे, छाती, सगळं ठणठणीत निघालं होतं. घोडं अडलं होतं एका दाढेपाशी. तिच्यातलं जुनं सिमेंट निघून खोल खड्डा पडला होता. भर समुद्रात दाढ ठणकली तर दंतवैद्य कुठून आणायचा, म्हणून कंपनीचा नियम कडक होता. डॉक्टरने होकार दिला तरच माणूस चढणार. कंपनीचा कारकून फोनजवळ बसून होता आणि बदली आचारी सामान बांधून धक्क्यावर तयार होता.

समुद्राचं त्याचं कौतुक कधीच सरलं होतं. पण हे जहाज ज्या बंदराला लागणार होतं, तिथे त्याची एकुलती एक मुलगी राहत होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि तिची आई हे बघायला राहिली नव्हती. "बाबा, तुम्ही तरी याल ना?" असं तिने विचारलं आणि तो "येणारच" म्हणून बसला. बाप शब्द देताना दाढेला विचारत नाही.

मेहुण्याने मात्र सावध केलं होतं. दोन दाढांचं रूट कॅनाल झाल्यापासून मेहुणा घरचा अर्धा डॉक्टर होता. "दाढेच्या मुळात नस असते, दाजी. ती बिघडली की आतून कोरून काढतात, साफ करतात, मग भरतात. दोन-तीन खेपा कुठे गेल्या नाहीत. डॉक्टर आधी गार बोळा लावते. तुम्ही 'आई गं' म्हणालात की संपलं. ब्र काढू नका."

"आधी शेजारच्या दाढेला लावते," डॉक्टर म्हणाली.

बोळा टेकला आणि त्याचा हात आपसूक वर गेला.

"छान."

टोमणा मारतेय, त्याला वाटलं. फितूर झालेला हात त्याने चरफडत पुन्हा मांडीखाली कोंबला.

मग बोळा खड्ड्याच्या दाढेवर आला. कळ थेट कानापर्यंत गेली. त्याने डोळे गच्च मिटले, पायाची बोटं बुटात आवळली. तिने बोळा काढला, तशी कळही लगेच विरली.

"काही जाणवलं?"

"छे!"

"पुन्हा लावते. जरा जास्त वेळ."

या खेपेला त्याला घाम फुटला. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर धरून तो निपचित पडून राहिला. बोळा निघाला आणि जीव भांड्यात पडला.

"आत्ताही नाही? नीट आठवून सांगा, काका. यावर सगळं अवलंबून आहे."

"दगड आहे हो, नुसता दगड!"

तिने दाढेचा आधी काढलेला एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला. "यात तर काही दिसत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. मग "कंपनीला कळवून येते" म्हणत बाहेर गेली.

आचाऱ्याला राहवेना. खुर्चीत पडल्या पडल्याच त्याने मुलीला फोन लावला. "निघालो गं. संध्याकाळी." पलीकडे ती आधी हसली, मग रडली. त्याचेही डोळे भरले. आयुष्यात पहिल्यांदा आपण शहाणपणाने वागलो, असं त्याला वाटलं.

डॉक्टर परत आली ती हळू पावलांनी. स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली.

"काका, वाईट वाटतंय सांगायला. नस मेलीय. रूट कॅनाल करावं लागेल. तुमच्या जागी दुसऱ्या माणसाला चढवलंय त्यांनी. तो पोचलाही जहाजावर."

"अहो, पण मला तर काहीच झालं नाही!"

"तेच तर ना. मेलेल्या नसेला गार लागत नाही. एक्स-रे स्वच्छ होता. दाढेला झोंबून लगेच थांबलं असतं, तर खड्डा बुजवून मी तुम्हाला आजच जहाजावर पाठवलं असतं."