उलटी खुर्ची

न्हाव्यानं तेल घातलेली कात्री रिकाम्या हवेत चालवून पाहिली, आणि पिंजऱ्यातला पोपट पंख फाकवून मागच्या गजांवर आदळला.

"झालं! पुन्हा सुरू," बायको म्हणाली. ती कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती. "आज संस्थेच्या बाई येणार आहेत ना? देऊन टाका त्यांना परत. तुमची बोटं चालतात म्हणून घर चालतं, आणि याला नेमकी तीच खायचीत."

न्हाव्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. तर्जनीला पट्टी, अंगठ्याला पट्टी. कुणीतरी पाखरं सांभाळणाऱ्या संस्थेत आणून सोडलेला थोराड पोपट त्यानं हौसेनं दुकानात आणला होता, आणि तोही सगळे नको म्हणत असताना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पिंजऱ्याचं दार तो रोज उघडं ठेवी, पण पोपट बाहेर पाऊल टाकत नसे. दाणा पुढे केला की दाणा सोडून बोट धरी. "मालक, दाढीला बसू की पळू?" असं गिऱ्हाइकं दारातूनच विचारू लागली होती. तरीही त्याला तो परत द्यायचा नव्हता. का, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. त्या पाखरावर त्याचा जीव जडला होता, एवढंच.

आज मात्र पोपटाला पंख मिटायला जरा उशीर झाला, आणि न्हाव्याला दिसलं. एका पंखाची लांब पिसं मध्येच एका रेषेत संपत होती. ती झडलेली नव्हती, कुरतडलेली नव्हती. एका दमात कापलेली होती. असा काप कशाचा असतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्यानं कात्री हळूच खाली ठेवली. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अगं, कुणीतरी धरून कापलंय याला," तो म्हणाला. "आणि मी शहाण्यानं आणून ठेवलं कुठं, तर कात्र्यांच्या दुकानात."

बायकोचे हात थांबले. "मग तर द्याच परत," ती म्हणाली, पण आवाज मवाळ झाला होता. "दुधानं तोंड पोळलं की माणूससुद्धा ताक फुंकून पितो. हे तर बिचारं पाखरू."

न्हाव्यानं कात्र्या, वस्तरे, मशीन, सगळं गोळा करून खणात टाकलं आणि खण लावला. मग गिऱ्हाइकाची खुर्ची फिरवून तिची पाठ आरशाकडे केली. खटका ओढून ती मागे कलती केली, तशी डोकं टेकायची उशी आरशाखालच्या फळीवरल्या पिंजऱ्याच्या उघड्या दाराशी आली. धुतलेलं कापड घेऊन त्यानं स्वतःच्याच गळ्याभोवती बांधलं आणि खुर्चीत आडवा झाला. दोन्ही हात कापडाखाली गेले.

"हे काय नवीन?"

"लोक येतात, डोळे मिटतात आणि गळा माझ्या हवाली करतात. कापशील का रे, म्हणून एकानंही कधी विचारलं नाही. आज मी देऊन बघतो."

"अहो, डोळा फोडेल तो!"

"म्हणून तर मिटलाय."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग फळीवर नखं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. पावडरचा डबा कलंडला, आणि न्हाव्याच्या कानाशी उबदार श्वास आला. त्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. कापडाखाली त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. अक्रोड फोडणारी चोच कपाळाला टेकली. बायको टॉवेल उगारून जागच्या जागी उभी राहिली.

चोचीनं भुवईतला एक केस धरला. बुडापासून टोकापर्यंत अलगद ओढत नेला आणि सोडून दिला. मग शेजारचा धरला. एकेक करत भुवई नीट विंचरून झाली, तसा पोपट उशीवरून उतरून खांद्यावर आला आणि मिशीकडे वळला. न्हाव्याच्या मिटल्या डोळ्यातून पाणी ओघळून कानात गेलं. पुसायला त्यानं हात बाहेर काढला नाही.

दार करकरलं. संस्थेच्या बाई हातात लहान पिंजरा घेऊन उभ्या होत्या. "झाली का तयारी?" त्यांनी विचारलं.

बायकोनं ओठांवर बोट ठेवलं आणि बाकावरचे टॉवेल बाजूला सारून त्यांना जागा करून दिली.

"आधी तो पिंजरा बाहेर ठेवा," ती कुजबुजली. "आणि बसा. ह्यांची दाढी चाललीये."