अनसाबाईची वाटी

माजरीकडची आमची गल्ली कोळशाच्या खाणीत गेली. जिथे माझी चूल होती, तिथे आता नुसता खड्डा आहे. नव्या वसाहतीत आल्यापासून सासूबाई जेवेनात. मी ताट घेऊन मिनतवाऱ्या करायची, त्या मात्र गल्लीतल्या एकेका घराची आठवण काढत बसायच्या. त्या उपाशी, म्हणून मलाही घास जाईना.

आठव्या दुपारी पाहते तर काय, म्हातारी मिटक्या मारत जेवतेय! हातात स्टीलची वाटी, तिच्यावर नाव कोरलेलं: अनसाबाई.

शेजारची अनसाबाई गल्ली जायच्या आधीच वारली होती.

वाटीत अंबाडीची भाजी होती. काळी, बुळबुळीत, कुजक्या पाण्याच्या वासाची. सासूबाईंनी दातांतून एक लांब पांढरा केस ओढला आणि पदराला पुसला.

"फेका ते, आई!"

"काऊन? माह्या पोटात दोन घास गेले, तेई पाहवत नाई तुले?"

गेले होते खरे. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, म्हणून मी तिच्यात भात भरून उंबऱ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. रिकामी.

"म्हंजे आज अनसाबाई सोताच येते जेवाले," सासूबाई खुशीत म्हणाल्या. "पाट मांड."

म्हातारीचं मन राखायला मी पाट मांडला, भात वाढला. पाटावर कोणीच नव्हतं. भातही कमी झाला नाही. तो फक्त हळूहळू चावलेला होत गेला, लाळेनं चिकट, कडेनं काळा.

सासूबाईंनी त्यातलाच घास उचलून मायेनं माझ्या ओठांशी धरला.

"घे वं. तूई तं आठ दिवसांची उपाशी हायेस."

माझं तोंड आपोआप उघडलं.