ज्याने पाहिलं, त्याने लिहू नये

कंपनीच्या वकीलबाईंनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला, तशी त्याने झटकन मान फिरवली.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "हा तुमचाच कोड आहे."

तो ओशाळला. सवय, दुसरं काय! कंपनीचं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅम उभारायचा तयार सांगाडा, फक्त कंपनीच्याच सिस्टिमवर चालायचं. त्यावर उभे केलेले प्रोग्रॅम कुठल्याही संगणकावर चालावेत म्हणून त्याने त्या फ्रेमवर्कची खुली, फुकट आवृत्ती पहिल्या ओळीपासून लिहून काढली होती. नाव ठेवलं 'पूल'. त्याचा कोड कोणीही वाचावा, कोणीही वापरावा; फक्त कुठून घेतला ते सांगावं, एवढीच अट. पुलावर काम करणाऱ्यांना मात्र एक नियम कडक होता: कंपनीचा मूळ कोड ज्याने एकदा जरी पाहिला, त्याने इथे एक ओळही लिहायची नाही, नाहीतर चोरीचा आळ यायचा.

आणि या गृहस्थाने लग्न केलं ते नेमकं कंपनीतल्या मुलीशी, तेही ते फ्रेमवर्क लिहिणाऱ्या विभागातल्या! मांजराला घरात घेऊन याने दुधाचं दुकान टाकलंय, असं मित्र म्हणायचे. पण दोघांनी शिस्त पाळली. टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावलेली, पाठीला पाठ. ती कामाला बसली असली की तो दारात खोकायचा, मगच आत यायचा.

घर बाबांच्या सलूनच्या वर होतं. दिवसभर खालून ड्रायरची घरघर आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा. सोमवारी सलून बंद, म्हणून पुलाचं डोकं लावायचं काम तो सोमवारसाठी राखून ठेवायचा.

"ही ओळ बघा," वकीलबाई म्हणाल्या. "वापरणाऱ्याने देश निवडलेला नसेल, तर आठवडा कुठल्या वारी सुरू होतो?"

"मंगळवारी," त्याने वाचलं.

"जगात कुठे होतो हो, मंगळवारी?"

"कुठेच नाही. चुकून राहिलं असेल."

"अगदी हीच चूक आमच्या कोडमध्येही आहे. त्याच जागी. आणि ती बाहेरून दिसतच नाही. आतला कोड वाचल्याशिवाय कळायला मार्ग नाही."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. हा मंगळवार आला कुठून? काही केल्या आठवत नव्हतं. सुरुवातीच्या सगळ्या नोंदी जुन्या डिस्कबरोबर जळून गेल्या होत्या, त्यामुळे ओळ आधी कोणी लिहिली हे दाखवायचीही सोय नव्हती.

आठवलं ते भलतंच. लग्नानंतरची एक संध्याकाळ. चहाचे कप घेऊन तो तंद्रीत न खोकताच आत गेला होता. तिच्या स्क्रीनवर वारांची नावं एकाखाली एक, सगळ्यात वर मंगळवार. तिने इतक्या घाईने लॅपटॉपचं झाकण मिटलं की त्याच्या हातातला चहा हिंदकळला. "खोकायचं ना रे!" ती ओरडली होती. चेहरा पांढराफटक. त्यानंतर तो विषय दोघांनीही कधी काढला नाही.

म्हणजे त्याने पाहिलं होतं. पाहिलं, विसरला, आणि विसरलेलं हातातून उतरलं.

"दोनच शक्यता आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "बायकोने दाखवला, किंवा तुम्ही चोरून पाहिलात. त्यांनी दाखवला असेल तर त्यांची नोकरी गेली. पुढेही कोणी दारात उभं करणार नाही. तुम्ही पाहिला असेल तर तसं लिहून द्या, पूल बंद करा. आम्ही कोर्टात जाणार नाही."

तो बाहेर व्हरांड्यात गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घातल्या. अंधशाळेतली मुलं ज्या प्रोग्रॅमवर धडे ऐकायची, तो पुलावरच चालत होता. गेल्या आठवड्यातच तिथल्या बाईंनी मुलांच्या आवाजात 'थँक यू' रेकॉर्ड करून पाठवलं होतं. त्याने बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

तिने ती ओळ पुन्हा एकदा सांगायला लावली.

"तू... सही करणार आहेस?"

"तुझ्यावर काही येणार नाही. चोरून पाहिला, तिला माहीतच नव्हतं, असं लिहीन."

"आणि पूल?"

"पूल काय, जातो. तू राहशील ना."

"बरं," ती म्हणाली.

त्याने सही केली. पुलाचं इंटरनेटवरचं पान त्यांच्यासमोरच बंद केलं. एकदाचं संपलं.

तो घरी पोचला तेव्हा बाबा सलून झाडत होते. बायको कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती, ऑफिसची पर्स मांडीवर तशीच.

"तोंड का असं पडलंय?" बाबांनी विचारलं. "सूनबाई पण मघापासून इथेच बसून आहे."

"पूल बंद केला, बाबा. चोरी सापडली माझी." तो खुर्चीत धपकन बसला. "आठवडा मंगळवारी सुरू होतो, असं लिहून ठेवलं होतं मी. कोणी शहाणा माणूस लिहील का असं?"

बाबा खो खो हसायला लागले.

"अरे, दुसरीत यापायीच मार खाल्लास की तू! मास्तर म्हणायचे सोमवार, तू म्हणायचास मंगळवार. म्हणे, आमचं दुकान मंगळवारी उघडतं, मग आठवडा सोमवारी कसा सुरू होईल? छड्या खाल्ल्यास, पण सोमवार काही पुढे घेतला नाहीस."

तोही हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. समोरच्या आरशात त्याला बायको दिसत होती. ती जमिनीवरच्या केसांकडे बघत होती.

"त्या संध्याकाळी मी झाकण मिटलं ना," ती म्हणाली, "ऑफिससाठी मी उतरवून घेत होते, तो तुझाच कोड होता."